चार विजय, दहा पराभव

क्रिकेटच्या नकाशावर नाशिक मुंबईत येत नाही. इगतपुरी ओलांडून कसारा घाट उतरला की मुंबईचं क्रिकेट जवळ येतं. विदर्भ सोडला तर घाटाच्या वरचं सगळं पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अखत्यारीत आहे. गंगापूर रोडवरच्या एखाद्या मुलाने नेटमध्ये घाम गाळला, जिल्ह्याच्या संघात आला, पुढे नाव काढलं, तर तो रणजी खेळेल महाराष्ट्राकडून, आणि त्याचा सगळ्यात जुना, सगळ्यात अवघड प्रतिस्पर्धी असेल मुंबई. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अशोक स्तंभापासून जेहान सर्कलपर्यंत आणि पुढे आनंदवलीपर्यंत संध्याकाळी जी जर्सी अंगावर दिसते ती मुंबई इंडियन्सची, निळी.

यात काही चूक नाही. आयपीएलमध्ये नाशिकचा संघ नाही. पुण्याचे दोन संघ येऊन गेले. त्यातल्या पुणे वॉरियर्सचे तिन्ही हंगाम, २०११ ते २०१३, तळाच्या आसपास गेले, आणि रायझिंग पुणे सुपरजायंट २०१७ ची अंतिम लढत मुंबईविरुद्ध एका धावेने हरून बंद झाला. ज्याच्यावर जीव लावावा असा जवळचा संघ उरला तो मुंबईच. पाच विजेतेपदं, सचिन, रोहित, बुमरा. त्यामुळे मुंबई हरू लागली की या रस्त्यावरची माणसं चिडतात. चहाच्या टपरीवर, मिसळीच्या टेबलावर, के. टी. एच. एम. कॉलेजच्या फाटकाबाहेर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच विषय असतो. या प्रकरणात त्या चिडण्याकडे नीट बघायचं आहे: ते कुठून येतं, कोणावर निघतं, कोणाच्या कानावर जातं. आणि याच रस्त्यापासून दुचाकीवर थोड्याच मिनिटांच्या अंतरावर, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर खेळणाऱ्या दुसऱ्या एका संघाच्या वाट्याला तेच चिडणं का येत नाही, हेही.

आधी २०२२. करोनामुळे त्या वर्षीचे साखळी सामने सगळेच्या सगळे महाराष्ट्रात झाले: वानखेडे, ब्रेबॉर्न, नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील आणि पुण्याजवळचं गहुंजे. म्हणजे मुंबईला घरापासून लांब जायचंच नव्हतं. आणि मुंबई पहिले आठ सामने ओळीने हरली. त्याआधी झालेल्या मोठ्या लिलावात ईशान किशनवर सव्वापंधरा कोटी खर्च झाले होते, आणि जोफ्रा आर्चरवर आठ कोटी, तेही दुखापतीमुळे तो त्या वर्षी खेळणार नाही हे ठाऊक असताना. हार्दिक आणि कृणाल पांड्या, बोल्ट, डी कॉक निघून गेले होते. बुमराच्या दुसऱ्या टोकाकडून चेंडू टाकायला माणूस नव्हता. पहिला विजय आला तो ३० एप्रिलला, रोहितच्या वाढदिवशी. शेवटी हिशेब झाला तो चार विजय, दहा पराभव आणि दहावा क्रमांक.

त्या वर्षी लोक हळहळले. रागाचं वर्ष २०२४ चं. १५ डिसेंबर २०२३ ला जाहीर झालं की कर्णधार आता रोहित नसून गुजरातहून परत आणलेला हार्दिक पांड्या असेल. मैदानावर एकही चेंडू पडला नव्हता, तोवर लाखो लोकांनी समाजमाध्यमांवर संघाची साथ सोडली. हंगाम सुरू झाला तो २४ मार्चला अहमदाबादेत सहा धावांच्या पराभवाने, आणि तिथे गुजरातच्या प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली, कारण तो त्यांना सोडून गेला होता. तीन दिवसांनी हैदराबादने २७७ धावा ठोकल्या. मग १ एप्रिलला संघ वानखेडेवर आला. नाणेफेकीला हार्दिकचं नाव घेताच घरच्याच मैदानात हूटिंग सुरू झालं, इतकं की संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. सीमारेषेवर उभ्या असलेल्या रोहितने हाताने खुणावून लोकांना थांबवायचा प्रयत्न केला. त्या संध्याकाळी बोल्टने, तोच बोल्ट, आता राजस्थानकडून खेळणारा, मुंबईचे तीन फलंदाज त्यांच्या पहिल्याच चेंडूवर बाद केले. त्यात रोहितही होता.

पुढे दोन विजय आले, आशा परतली. १४ एप्रिलला चेन्नईविरुद्ध रोहितने नाबाद १०५ केल्या तरी सामना वीस धावांनी गेला. धोनीने शेवटच्या षटकात हार्दिकला ओळीने तीन षटकार मारले होते आणि वर दोन धावा काढल्या होत्या. अठरा आणि दोन मिळून वीस, एवढा साधा हिशेब लोकांनी लगेच केला आणि पराभवाचा सगळा भार एका षटकावर, एका माणसावर टाकला. ८ मेच्या रात्री मुंबई स्पर्धेतून बाहेर पडली तेव्हा ती मैदानात नव्हतीच. हैदराबादने लखनौचं आव्हान एकही गडी न गमावता ९.४ षटकांत पार केलं आणि मुंबईची गणिती शक्यता संपली. ज्यांनी आदल्या आठवड्यात मोबाइलवर नेट रन रेटची समीकरणं मांडली होती, हा जिंकला आणि तो हरला आणि आपण उरलेले सगळे मोठ्या फरकाने जिंकलो तर, त्यांना तो निकाल दुसऱ्यांच्या सामन्यात बघावा लागला. पुन्हा चार विजय, दहा पराभव, दहावा क्रमांक. त्याच हंगामात बुमराने १३ सामन्यांत २० बळी घेतले, षटकामागे साडेसहाहून कमी धावा देत. त्याच्याबद्दल सकाळच्या गप्पांत कोणी फारसं बोललं नाही. हरणाऱ्या हंगामात चांगलं खेळणारा माणूस दिसेनासा होतो, ही मला त्या वर्षातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट वाटते.

मानसशास्त्रज्ञांनी या वागण्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच लक्ष दिलं होतं. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ च्या हंगामात अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत एक साधी पाहणी केली. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढायची. फोनवर सामन्याबद्दल विचारलं की जिंकलेल्या सामन्याबद्दल विद्यार्थी ‘आम्ही’ असं जास्त वेळा म्हणायचे, हरलेल्या सामन्याबद्दल कमी. दुसऱ्याच्या यशाची ऊब घ्यायची आणि अपयशाची झळ लागू द्यायची नाही, ही माणसाची मूळ ओढ. पुढे १९८६ मध्ये सी. आर. स्नायडर आणि सहकाऱ्यांनी दुसरी बाजू दाखवली: गट अपयशी ठरला की माणसं त्याच्यापासून मुद्दाम अंतर राखू लागतात.

पण ही पाहणी ज्याला लागू पडत नाही असा एक माणूस आहे, आणि तोच आपला विषय आहे. डॅनियल वॉन आणि नायला ब्रॅन्सकोंब यांनी १९९० मध्ये दाखवलं की ज्यांचं संघाशी नातं घट्ट आहे ते पराभवानंतर अंतर राखत नाहीत, त्यांना ते जमतच नाही. वाऱ्यासोबत फिरणारा चाहता मे महिन्यात निळी जर्सी कपाटात ठेवतो आणि सुखी राहतो. पक्का चाहता ती घालून टपरीवर जातो, चेन्नईवाल्या मित्राची बोलणी खातो आणि रात्री पुन्हा टीव्हीपुढे बसतो. पळायची वाट बंद असते म्हणून त्याचं दुःख रागात बदलतं. राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस मग शोधावा लागतो: कर्णधार, प्रशिक्षक, मालक, पंच, लिलावाच्या टेबलावर बसलेली मंडळी. अगदीच कोणी सापडलं नाही की ‘सगळं सेटिंग आहे’ हे वाक्य येतं. हे वाक्य बोलणाऱ्याला पुराव्याची गरज नसते. आपण इतकं मनापासून बघितलेलं काहीतरी निव्वळ असंच घडलं, हे मान्य करणं त्याला जास्त जड जातं.

आणि दुःख खरंच जड असतं. ब्रिटनमध्ये पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरन यांनी हजारो लोकांच्या मोबाइलवर दिवसभरात वेळोवेळी ‘आत्ता कसं वाटतंय’ असं विचारून जमवलेल्या लाखो नोंदी फुटबॉलच्या निकालांशी ताडून पाहिल्या. २०१८ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की सामन्यानंतरच्या तासात विजयाने जितका आनंद वाढतो त्याच्या साधारण दुप्पट पराभवाने कमी होतो. म्हणजे निम्मे सामने जिंकणाऱ्या संघाचा चाहतासुद्धा हंगामाच्या शेवटी तोट्यातच असतो. चौदापैकी दहा हरणाऱ्या संघाच्या चाहत्याचं काय होत असेल याचा अंदाज बांधता येईल.

तरी सगळे पराभव सारखे लागत नाहीत. २०११ मध्ये डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकन फुटबॉलच्या रविवारी संध्याकाळच्या पोलिस नोंदी तपासल्या. घरचा संघ जिंकणार असं सट्टेबाजारासह सगळ्यांनी धरलेलं असताना तो हरला, तर त्या संध्याकाळी पुरुषांनी घरातल्या बाईवर हात उगारण्याच्या घटना सुमारे दहा टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. सामना अटीतटीचा होईल असं आधीच वाटत असताना झालेल्या पराभवानंतर तशी वाढ दिसली नाही. चाहत्यांच्या रागाबद्दल आपण कौतुकाने बोलतो, तेव्हा हा अभ्यास डोळ्यापुढे ठेवायला हवा. स्टेडियमबाहेर, घराच्या चार भिंतींत त्या रागाची किंमत कधीकधी ज्यांना क्रिकेटमध्ये रसही नाही अशा माणसांना मोजावी लागते. पण त्यातून आपल्या प्रश्नाचं एक उत्तरही मिळतं. राग पराभवाच्या मापाने येत नाही. तो अपेक्षेच्या मापाने येतो. पाच वेळा जिंकलेल्या मुंबईकडून अपेक्षा होती, म्हणून गंगापूर रोड पेटला.

अपेक्षा किती रास्त होती? इथे थोडं गणित करून बघू. समजा आयपीएलचे दहाही संघ अगदी तुल्यबळ आहेत, आणि प्रत्येक सामन्याचा निकाल नाणं उडवून ठरतो. तर एखाद्या संघाला चौदापैकी चार किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता किती? चौदा वेळा नाणं उडवण्याचे १६,३८४ वेगवेगळे निकाल होऊ शकतात, आणि त्यांतले १,४७१ असे असतात की छाप चार किंवा कमी वेळा येते. म्हणजे जवळपास नऊ टक्के. संघ दहा आहेत, तेव्हा सगळे सारख्या ताकदीचे असले तरी साधारणपणे दर हंगामात एकाच्या वाट्याला असा तळ येणारच. आता प्रत्यक्षातला तक्ता पाहा. २०२२ मध्ये शेवटच्या मुंबईचे चार विजय. २०२३ मध्ये शेवटच्या हैदराबादचे चार. २०२४ मध्ये पुन्हा मुंबईचे चार. २०२५ मध्ये इतिहासात पहिल्यांदाच तळाला गेलेल्या चेन्नईचे चार.

लिलावाची रचनाच अशी आहे. सगळ्यांना खर्चाची मर्यादा सारखी, दर तीन वर्षांनी बहुतेक संघ विस्कटून पुन्हा बांधायचे, आणि वीस षटकांचा खेळ, ज्यात एक षटक सामना फिरवतं. अशा स्पर्धेत तळ हा फिरता असतो. त्याचा अर्थ मुंबईचं सगळं नशिबाचं होतं असा नाही. नाणं उडवून पहिले आठ सामने ओळीने हरण्याची शक्यता २५६ मध्ये एक, तेव्हा २०२२ ची गोलंदाजी कमकुवत होती हे खरंच. पण टपरीवर बसून एका षटकात, एका नाणेफेकीत, एका कर्णधारात सगळं कारण शोधणाऱ्याला हे आकडे कोणी दाखवत नाही. दाखवले तर त्याचं दुःख कमी होईल असंही मला वाटत नाही. त्याला कारण हवं असतं, आणि योगायोग हे कारण होऊ शकत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या चाहत्याची गत वेगळी आहे. त्याच्या संघाचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर, जवळपास रोज. इतक्या सामन्यांत योगायोग एकमेकांना खोडून काढतात. नाण्यावर खेळलं तर १६२ पैकी ८१ च्या आसपास विजय मिळावेत, आणि नशीब फिरलं तरी आकडा बहुतेक वेळा ६८ ते ९४ च्या मध्ये राहावा. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स ४१ जिंकले आणि १२१ हरले. आधुनिक काळातला तो सगळ्यात जास्त पराभवांचा हंगाम ठरला आणि १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० चा विक्रम मोडला. मध्ये एकदा ते ओळीने २१ सामने हरले. तिथल्या चाहत्याला गणिताचा आधार नाही. संघ खरोखर वाईट होता आणि ते रोज संध्याकाळी सिद्ध होत होतं. आपल्याकडचा वाईट हंगाम दोन महिन्यांत संपतो, हे आपलं मोठं सुख आहे.

रागाचं काय करायचं, हे मात्र बेसबॉलवाल्यांकडून शिकण्यासारखं आहे. ओकलंडच्या अॅथलेटिक्स संघाच्या मालकाने चांगले खेळाडू एकामागून एक विकून टाकले, मग संघच लास व्हेगासला न्यायचं ठरवलं. २०२३ मध्ये तो संघ ११२ सामने हरला. स्टेडियम ओस पडलं होतं, आणि मालकाची बाजू अशी की बघा, इथे कोणी येतच नाही. तेव्हा चाहत्यांनी उलटा बहिष्कार टाकला. १३ जून २०२३ ला सगळ्यांनी मुद्दाम यायचं. एरवी काही हजारांत मोजता येणाऱ्या गर्दीच्या जागी २७ हजारांहून जास्त लोक आले, ‘विका’ असं लिहिलेले हिरवे शर्ट घालून, मालकाने संघ विकावा म्हणून रात्रभर घोषणा देत. संघ तो सामना जिंकलाही. संघ शहर सोडून गेलाच. पण त्या रात्रीनंतर ‘ओकलंडला पर्वा नाही’ असं म्हणायची सोय कोणाला राहिली नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं. एखादी संस्था ढासळू लागली की तिच्याशी जोडलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. निष्ठा असेल तर माणूस निघून जाणं लांबणीवर टाकतो, आणि आवाज उठतो तो त्या मधल्या काळात. हर्शमनचं बोलणं कारखाने, शाळा, राजकीय पक्ष यांच्याबद्दल होतं, पण वानखेडेवरच्या १ एप्रिलच्या संध्याकाळला ते तंतोतंत लागू पडतं. ते हूटिंग ज्यांनी केलं त्यांनी तिकीट काढलं होतं, जर्सी घातली होती, आणि ते परत येणार होते. ज्यांना पर्वा नव्हती ते घरी होते.

पण आवाज ऐकणारा कोणी असावा लागतो, आणि इथेच आपला चाहता अगदी हतबल आहे. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, आणि त्यातला मोठा वाटा संघांमध्ये वाटला जातो. स्टेडियम अर्धं रिकामं राहिलं तरी संघमालकाचं दुकान चालतं. तळाला गेलं म्हणून कोणी खालच्या विभागात उतरत नाही, कारण खालचा विभागच नाही. जर्मनीत फुटबॉल क्लबच्या मतांचं बहुमत सभासदांच्या हातात राहावं असा नियम आहे, तिथला चिडलेला चाहता सभेत जाऊन हात वर करू शकतो. नाशिकहून १७० किलोमीटर जाऊन, हजारोंचं तिकीट काढून, रात्री उशिरा कसारा घाट चढून परत येणाऱ्या माणसाच्या हातात ओरडण्यापलीकडे काही नाही. मला ते हूटिंग आवडलं नव्हतं. एका खेळाडूची जागा मालकांनी दुसऱ्याला दिली, आणि जनतेने शिक्षा फक्त त्या दुसऱ्या खेळाडूला केली, हे मला पटलं नाही. पण दुसरं साधन नसलेला माणूस हातात असलेलंच साधन वापरणार, हेही समजतं.

त्या रागाचा शेवट कसा झाला ते सगळ्यांनी पाहिलं आहे. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषकाचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला, भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर माणसांचा समुद्र लोटला आणि वानखेडेवर, तीन महिन्यांपूर्वीच्या त्याच वानखेडेवर, हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. रोहितने त्याचं कौतुक केलं तेव्हा हार्दिकचे डोळे भरून आले. लोक दुटप्पी असतात असं यावरून म्हणायचं कारण नाही. दोन्ही वेळी ते त्याला आपला समजत होते. परक्या कर्णधाराची कोणी इतकी हुर्यो उडवत नाही.

आता दुसऱ्या संघाकडे येऊ, ज्याची हुर्यो कोणीच उडवत नाही.

महाराष्ट्राने रणजी करंडक १९३९-४० मध्ये जिंकला आणि १९४०-४१ मध्ये पुन्हा, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. पहिल्या विजेतेपदाच्या हंगामात विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या, भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ मध्ये काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. १९४०-४१ नंतर करंडक महाराष्ट्राकडे आलेला नाही. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात समोर मुंबईचा संघ होता, पण वाडेकर, सरदेसाई, सोलकर, मांकड आणि गावसकर वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईकांच्या नेतृत्वाखाली राहिलेल्या मुंबईने चंदू बोर्ड्यांच्या महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवलं. मुंबईचं ते ओळीने तेरावं विजेतेपद. १९९२-९३ मध्ये अंतिम सामना पंजाबविरुद्ध गमावला. २०१३-१४ मध्ये केदार जाधवने एका हंगामात १,२२३ धावा काढल्या, महाराष्ट्राने वानखेडेवर जाऊन मुंबईला उपांत्यपूर्व फेरीत हरवलं, आणि अंतिम सामन्यात कर्नाटकने सात गडी राखून मात केली.

हिशेब असा की २०२५ पर्यंत चौऱ्याऐंशी वर्षं झाली. बॉस्टनच्या रेड सॉक्सचा दुष्काळ १९१८ पासून २००४ पर्यंत, शहाऐंशी वर्षं चालला, आणि तो अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही पाठ होता. शिकागो कब्जचा १९०८ ते २०१६, एकशे आठ वर्षांचा, त्याभोवती शापाच्या कथा रचल्या गेल्या आणि आजोबांनी त्या नातवंडांना सांगितल्या. आपल्या चौऱ्याऐंशी वर्षांची कोणी कथा केली नाही. गंगापूर रोडवर निळी जर्सी घातलेल्या पोराला विचारलं की महाराष्ट्राने रणजी शेवटची कधी जिंकली, तर त्याला माहीत नसतं, आणि माहीत नसल्याचं वाईटही वाटत नाही. हर्शमनच्या दोन वाटांपैकी निघून जाण्याची वाट इथे कधीच निवडली गेली, इतकी शांतपणे की निवडल्याचं कोणाच्या लक्षात नाही.

याचं सगळं ओझं चाहत्यावर टाकणं योग्य नव्हे. रणजीचे सामने कामाच्या दिवशी, भर दुपारी, चार दिवस चालतात. घरचा संघ नाशिकला येतो तो क्वचित. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३ पासून नाशिकच्या नावाचा संघ आहे, ईगल नाशिक टायटन्स, पण सामने गहुंज्याला होतात. नाशिकचा डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव वर्षानुवर्षं महाराष्ट्रासाठी षटकं टाकत राहिला, आणि त्याला ओळखणारे लोक त्याच्याच शहरात थोडे. नाशिकच्याच रामकृष्ण घोषला चेन्नईने २०२५ साठी तीस लाखांना घेतलं, तेव्हा कुठे शहराला तो दिसला, आणि त्या वर्षी नेमका ऋतुराज गायकवाडचा चेन्नईचा संघ तळाला गेला.

आणि शेजारी काय चाललंय तेही पाहावं. राज्य एक, रणजीचे संघ तीन. मुंबईकडे बेचाळीस करंडक. विदर्भ, ज्याला अनेक दशकं कोणी मोजत नव्हतं, त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा करंडक नेला. २०२३-२४ च्या अंतिम सामन्यात वानखेडेवर समोरासमोर होते मुंबई आणि विदर्भ. महाराष्ट्र या नावाचा संघ राज्यात तिसरा आहे. नागपूरने हे कसं केलं, खेळपट्ट्या, अकादमी, बाहेरून आणलेले अनुभवी खेळाडू आणि प्रशिक्षक यांतलं काय आपण केलं नाही, हे विचारायला कोणाच्या तरी पोटात दुखावं लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये संधी दारात आली होती. २३ तारखेपासून कान्हेरे मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध बडोदा. ऋतुराज कर्णधार. त्याच दिवशी मुंबईत बीकेसीच्या मैदानावर रोहित रणजी खेळायला उतरला होता आणि सगळे कॅमेरे तिकडे होते. तो सामना मुंबई जम्मू-काश्मीरकडून पाच गडी राखून हरली, आणि त्याची चर्चा गंगापूर रोडवरही झाली. नाशिकला महाराष्ट्राने २९७ आणि ७ बाद ४६४ केल्या, बडोद्याला १४५ आणि १७७ मध्ये गुंडाळलं, आणि सामना ४३९ धावांनी जिंकला. पण त्याच हंगामात ऑक्टोबरमध्ये बीकेसीवर मुंबईने महाराष्ट्राला पहिल्या डावात १२६ वर बाद करून नऊ गड्यांनी हरवलं होतं. गटातून बाद फेरीत गेले जम्मू-काश्मीर आणि मुंबई. बडोद्यासारख्या संघाला चारशे धावांच्या पलीकडे हरवू शकणारा संघ बाद फेरीपर्यंत का पोहोचत नाही, पहिल्या डावात १२६ वर का कोसळतो, निवड कोण करतं आणि कोणत्या आधारावर, हे प्रश्न हार्दिकच्या एका षटकाबद्दल विचारले गेले त्याच्या निम्म्या आवाजात जरी त्या मैदानाच्या कठड्यावरून विचारले गेले असते, तर संघटनेच्या पुढच्या बैठकीत कोणाला तरी उत्तर तयार ठेवावं लागलं असतं.